शनिवारचा तास

धम्मशीलाने सरावाच्या विषयांच्या डब्यात हात घातला, तळाशी बोटे फिरवली आणि एक कार्ड काढून आधी स्वतःच वाचले. वाचता वाचता तिच्या भुवया किंचित जवळ आल्या. मग तिने मनगटावरचे घड्याळ सोडून बाकावर ठेवले. रुग्णांची नाडी मोजायचे ते घड्याळ. त्याचा लाल सेकंदकाटा आता साऱ्या वर्गाच्या ओळखीचा झाला होता.

“समुद्रकिनारा,” ती म्हणाली. “समुद्रकिनाऱ्यावर घालवलेल्या एका दिवसाचं वर्णन करा.”

“एक मिनिट विचार करायला,” शिकवणारा नागेश म्हणाला. “मग दोन मिनिटं बोलायचं.”

खाली औषधांच्या दुकानासमोर कुणीतरी मोटारसायकल चालू करण्याचा प्रयत्न करत होते. तेवढा आवाज सोडला तर वर्ग शांत होता. मिनिट संपले आणि धम्मशीला इंग्रजीत बोलू लागली. पहिले वाक्य नेटके होते. दुसरेही. तिसऱ्या वाक्यात ती समुद्राजवळ पोहोचली आणि तिथेच उभी राहिली. पाणी खूप होते, ती म्हणाली. पाणी निळे होते. मग ती पुन्हा म्हणाली, पाणी खूप होते.

तिने घड्याळ उचलले.

“संपलं, सर. चाळीस सेकंदात समुद्र आटला माझा.”

मागच्या बाकावर मुंजाजी मोठ्याने हसला. गंगाखेडजवळच्या एका खेड्यातून तो रोज बसने यायचा. आखाती देशातल्या एका कंपनीत मुलाखत द्यायचे त्याच्या मनात होते. “लय टिकला की, सिस्टर,” तो म्हणाला. “मला तर ते कार्ड बघूनच तहान लागली.”

नागेशने वहीत तिच्या नावापुढे नऊपैकी साडेपाच लिहिले. त्याच पानावर, चार दिवसांपूर्वीच्या तारखेला, आठ लिहिलेले होते. त्या दिवशी कार्डावर रेल्वेचा प्रवास आला होता. तिचे वडील सिताराम पूर्णेला रेल्वेत की-मन होते. निवृत्त होईपर्यंत रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेने मैलोनमैल चालायचे आणि रूळ धरून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या लोखंडी चाव्या ठोकून बसवायचे. धम्मशीला इंग्रजीत सांगत होती: घट्ट चावीचा आवाज कसा असतो, सैल चावीचा कसा. गाडी दिसण्याआधी क्वार्टरमधल्या फळीवरचे कप कसे थरथरू लागतात, आणि कोणत्या थरथरीवरून कोणती गाडी ते आई चुलीपुढून न उठता कशी सांगते. दोन मिनिटे संपल्यावरही कुणी तिला थांबवले नव्हते. नागेश घड्याळाकडे बघायचेच विसरला होता.

तीच मुलगी, तीच जीभ, तीच क्रियापदे. मधे अडीच गुणांची दरी. तो त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिला.

आयर्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिला नर्स म्हणून बोलावले होते. त्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेत लिहिणे, वाचणे, ऐकणे यांत ती पार झाली होती. बोलण्यात सात हवे होते आणि दोनदा ती साडेसहावर अडकली होती. पहिल्या वेळी तिला आवडत्या रेस्टॉरंटबद्दल विचारले होते, दुसऱ्या वेळी पाहिलेल्या एखाद्या संग्रहालयाबद्दल. दुसऱ्या वेळी ती खरे तेच बोलली होती. मी संग्रहालय पाहिलेले नाही, असे म्हणून थांबली होती, आणि समोरच्या परीक्षक बाईही पेन हातात धरून थांबल्या होत्या. आता तिसरी वेळ. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी हैदराबादला. त्या महिन्याअखेर रुग्णालयाच्या पत्राची मुदत संपत होती.

“मला इंग्रजीच येत न्हाई, सर,” डबा बंद करताना ती म्हणाली. “उगं तुमचा वेळ घ्यायले मी.”

नागेशने फळ्याकडे तोंड केले. कुणाकडे पाहून बोलायचे नसले की तो फळा पुसत असे.

“तुम्हाला इंग्रजी येतं,” तो म्हणाला. “समुद्र येत नाही.”

वर्ग चालवणारे दिनकरराव यांच्याजवळ यावर साधा उपाय होता. त्यांनी साठ विषयांची साठ तयार उत्तरे छापून आणली होती. “पाठ करून घ्या म्हणावं,” ते दर आठवड्याला सांगत. “समुद्र काय, विमान काय, समदं हाय त्यात.” नागेशने ती उत्तरे वाचली होती. त्यांतला समुद्र गुळगुळीत होता. त्यात कुणाचे पाय भिजत नव्हते. परीक्षकांनी त्यावर एक साधा प्रश्न विचारला, तर सांगणाऱ्याला पुढे पाऊल टाकायला वाळूच उरत नसे. आणि नागेशला हे पक्के ठाऊक होते, कारण त्यानेही समुद्र पाहिलेला नव्हता.

म्हणून त्याने शनिवारचा तास सुरू केला. त्या तासाला डबा उघडायचा नाही. ज्याने जे पाहिले असेल ते त्याने बाकीच्यांना सांगायचे, ऐकणाऱ्यांनी हवे तितके प्रश्न विचारायचे, आणि एकच नियम होता: सगळे मराठीत. इंग्रजीच्या वर्गात मराठीचा तास, म्हणून दिनकररावांनी पहिल्या दिवशी दारातून डोकावून कपाळावर हात मारला होता. पण मुले त्या तासाला चुकत नसत.

रेणुका नववीत असताना शाळेच्या सहलीतून रत्नागिरीला गेली होती. आता ती बँकेच्या परीक्षा देत होती. समुद्र तिच्या वाट्याला दीड तास आला होता.

“काय सांगू त्यात,” ती म्हणाली. “वल्ल्या वाळूत उभं राह्यलं की पायाखालून वाळू निसटून जाते. मला वाटलं मीच चालले आत. मी बाईंचा पदर धरला तर बाईच वरडायलेल्या.”

“आवाज?” धम्मशीलाने विचारले.

“कशाचा?”

“समुद्राचा. कसा येतो?”

रेणुका विचारात पडली. “मालगाडी लांबून येते ना, तसा. पण येतच राहते. निघून जात न्हाई.”

धम्मशीलाने डोळे मिटले. नागेशने पाहिले, तिच्या पायाची बोटे चपलेत हळूच आवळली गेली होती.

मग मुंजाजीने दुबईहून आलेल्या मेव्हण्याचे विमान सांगितले. ते विमान त्याने इतक्यांदा ऐकले होते की आता निम्मे त्याचेच झाले होते. कुणी हैदराबादच्या संग्रहालयातले घड्याळ सांगितले, ज्याच्यातून ठोक्याच्या वेळी एक छोटा माणूस बाहेर येतो आणि शेकडो माणसे त्या एवढ्याशा माणसाची वाट बघत खुर्च्यांवर बसून असतात. एकदा वाढदिवस निघाला. मागचा वाढदिवस कसा साजरा केला, हा प्रश्न हमखास येतो, नागेश म्हणाला, तेव्हा मुंजाजी उठून उभाच राहिला.

“सर, माझा एक जून. ह्याचा एक जून. त्या खिडकीपाशी बसलेल्याचाबी एक जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी उरकला. आमी काय साजरं करावं?”

“हेच सांगायचं,” नागेश म्हणाला. “हेच परीक्षेत सांगायचं.”

“हे चालंल?”

“दोन मिनिटं पुरणार नाहीत तुम्हाला.”

वर्गात हसू पसरले. त्या हसण्यातच रेणुका म्हणाली, “सर, समदे सांगतेत. तुमी कवाच काही सांगत न्हाईत.”

“मी काही पाहिलेलंच नाही,” नागेश म्हणाला आणि फळा पुसू लागला. फळा आधीच कोरा होता.

शनिवारचा तास पाचला सुटे. धम्मशीला आठवडाभर रुग्णालयाच्या वसतिगृहात राहायची आणि शनिवारी पूर्णेला घरी जायची. नागेशचीही शहरात भाड्याची एक खोली होती आणि शनिवारी तो आईकडे, सेलूजवळच्या वालूरला जायचा. स्टेशनापर्यंत रस्ता एकच. तिथून तिची गाडी उगवतीला, त्याची मावळतीला. त्याची सेलूकडे जाणारी गाडी पावणेसहाला यायची, तिची सहा वीसला.

पहिल्या शनिवारी त्याची गाडी खरोखरच उशिरा आली होती. बाकावर दोघांच्या मधे तिची पिशवी होती. ती वॉर्डातल्या एका आजोबांविषयी सांगत होती, जे सुई टोचताना नर्सलाच धीर द्यायचे. नागेश फारसे बोलला नव्हता. तिची गाडी निघून गेली, डब्यांचे दिवे वळणाआड गेले, आणि त्याला वाटले, हा पाऊण तास आपल्याला कुणीतरी चुकून दिला. परत मागायला येईल.

दुसऱ्या शनिवारी त्याची गाडी वेळेवर आली. ती समोर उभी राहिली, माणसे चढली, उतरली. नागेश बाकावरच बसून होता.

“सर, तुमची गाडी?” धम्मशीलाने विचारले.

“ही सेलूला थांबत नाही,” तो म्हणाला. “माझी मागून येते. लेट आहे.”

तिने गाडीकडे पाहिले, मग त्याच्याकडे, मग रुळांकडे.

“अस्सं,” ती म्हणाली.

त्यानंतर दर शनिवारी ती गाडी अशीच समोर येऊन उभी राहायची. तिचा भोंगा व्हायचा तेव्हा नागेश चपलेचा अंगठा दाबून धरायचा, जणू पायच आपणहून उठून जातील. गाडी निघून गेली की तो सैल व्हायचा. मग पस्तीस मिनिटे. चहावाल्याच्या किटलीची वाफ, फलाटाच्या टोकाला पाणी भरणाऱ्या बायका, थंडीच्या दिवसांतले लवकर पिवळे पडणारे ऊन, आणि तिचा आवाज. ती गेल्यावर तो स्टॅंडवर जाऊन सेलूची बस धरायचा, सेलूहून जीपची वाट पाहायचा. वालूरला त्याची आई रुख्मिणीबाई ताटावर ताट झाकून बसलेली असायची.

“आजबी लेटच का रे गाडी?”

“हो.”

“काय मेली गाडी हाय. शनवारीच लेट व्हती.”

नागेश खाली मान घालून भाकरी मोडायचा.

जानेवारी संपत आला. रोज वर्ग सुटल्यावर तो तिच्याकडून एक विषय करून घेई. रेणुकाचा समुद्र, मुंजाजीच्या मेव्हण्याचे विमान, संग्रहालयातला ठोक्याचा छोटा माणूस, हे सगळे आता तिच्या बोलण्यात आले होते. पण उसने वाटत नव्हते. ती सांगायची, मी समुद्र पाहिलेला नाही, पण माझ्या मैत्रिणीच्या पायाखालून एकदा वाळू निसटली, ती अशी. आणि पुढे दोन मिनिटे थांबायची नाही. वहीत सहाच्या जागी सात येऊ लागले, मग साडेसात. प्रत्येक आकडा लिहिताना नागेशचे पेन क्षणभर कागदावर टेकून राहायचे. तो शिकवत होता त्यातली एकेक गोष्ट तिला थोडी थोडी दूर नेत होती: किनाऱ्यापर्यंत, विमानापर्यंत, परक्या शहरातल्या ओल्या रस्त्यापर्यंत. एखादा विषय शिकवायचा राहून गेला, तर कुणाला कळणार होते? हा विचार त्याच्या मनात एकदाच आला. त्या दिवशी त्याने तिला दोन विषय जास्त शिकवले.

फेब्रुवारी लागला त्या आठवड्यात मुंजाजीने डबाच उचलून त्याच्यासमोर धरला.

“सर, रोज आमचा जीव घेताव. आज तुमीच काढा कार्ड. आमी गुण देताव.”

वर्ग एकदम जागा झाला. नागेशला नाही म्हणता आले नाही. नाही म्हणायलाही थोडे बोलावे लागते. त्याने वरचेच कार्ड घेतले.

तुम्ही कुणाची तरी वाट पाहिली, असा एक प्रसंग सांगा. कुठे, केव्हा, का, आणि तुम्हाला काय वाटले.

“विचार करायला एक मिनिट,” धम्मशीला म्हणाली. तिने घड्याळ सोडून बाकावर, त्याला दिसेल असे ठेवले.

मिनिट संपले. नागेशने तोंड उघडले. इंग्रजीत तो एम.ए. झाला होता, वर्गात पहिला आला होता. कोणत्याही विषयावर तासभर बोलू शकेल, असे दिनकरराव नव्या मुलांच्या बापांना सांगत. तो इंग्रजीत म्हणाला, मी. आणि थांबला.

त्याच्यासमोर सगळे होते. बाकाची तुटकी फळी. पिशवीचा निळा बंद. सहा वाजून अठरा मिनिटांनी रुळांत सुरू होणारी ती बारीक थरथर, जी ती त्याच्या आधी ओळखायची आणि बोलता बोलता पिशवीवर हात ठेवायची. कुठे, केव्हा, का, काय वाटले, कार्डावरच्या चारही प्रश्नांची उत्तरे त्याला आजवर कुठल्याच विषयाची आली नव्हती इतकी येत होती. माणूस न पाहिलेल्या गोष्टीपुढे मुका होतो, असे तो इतके दिवस शिकवत आला होता. लाल काटा एक फेरी पुरी करून दुसऱ्या फेरीला लागला. कुणीतरी खाकरले.

“वेळ संपली,” शेवटी तोच म्हणाला.

“सरलाबी साडेपाच!” मुंजाजी ओरडला आणि सगळा वर्ग हसला. “एक जूनवाले पास, सर नापास!”

नागेशही हसला. धम्मशीला हसली नाही. ती घड्याळाचा पट्टा बांधत होती, आणि एवढ्याशा कामाला तिला बराच वेळ लागला.

मुले गेल्यावर त्याने कार्डे डब्यात भरली. ते एक मात्र भरले नाही. चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवले.

दोन दिवसांनी सरावाला बसताना तिने डबा हलवून पाहिला.

“सर, एक कार्ड कमी हाय.”

“कोणतं?”

“कोणतं ते कसं सांगू? साठ हुती, एकोणसाठ हायत.”

“हरवलं असेल.”

“अस्सं,” ती म्हणाली, आणि उरलेल्यांतले एक काढले.

परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या शनिवारी ती नव्हती. ती आणि तिचे वडील आधीच हैदराबादला गेले होते. तास झाला. नागेश सवयीने स्टेशनात गेला, बाकावर बसला. सेलूची गाडी आली आणि तो तिच्यात चढला. वालूरला पोहोचला तेव्हा आई अजून पीठ मळत होती. तिने त्याच्याकडे वर पाहिले, मग बराच वेळ परातीकडे.

“आज लेट न्हवती?”

“नाही.”

“मग तोंड का असं?”

निकाल गुरुवारी आला. तिचा फोन आला तेव्हा तो वर्गात होता.

“साडेसात, सर.”

मागे कुणीतरी रडत होते आणि कुणीतरी रडणाऱ्याला हसत होते. पूर्णेच्या घराजवळून एखादी मालगाडी जात असावी, तसा आवाज त्या सगळ्यामागे होता. नागेश अभिनंदन म्हणाला. मग तेच इंग्रजीत म्हणाला. मग पुन्हा मराठीत. त्यापुढे काय म्हणतात ते त्याला आठवेना.

ती शेवटची वर्गात आली तो शनिवार होता. रुग्णालयाची नोकरी तिने सोडली होती, वसतिगृहातले सामान आधीच घरी गेले होते. खांद्याला तीच निळ्या बंदाची पिशवी होती. मुंजाजीने पेढे आणले होते. ते वाटताना तो म्हणाला, “सिस्टर, तिथं गेल्यावर आमच्या एक जूनला फोन करा. एकाच फोनमधी समद्यांचं होईल.” रेणुकाने विचारले, परीक्षेत काय आले होते. धम्मशीला म्हणाली, सोपे आले होते. एवढेच. आणि पेढ्याचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळू लागली.

पाचला दोघे स्टेशनाकडे निघाले. रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या होत्या. बाकावर ती नेहमीच्या टोकाला बसली, तो नेहमीच्या. मधे पिशवी.

“तुम्ही सांगितलं नाही,” तो म्हणाला. “कार्ड कोणतं आलं होतं.”

“तुमी विचारलं न्हाई.”

“विचारतो आहे.”

तिने समोरच्या रुळांकडे पाहिले. “डब्यातून हरवलेलं.”

नागेशचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि मधेच थांबला. तिने तो हात पाहिला.

“थोडं येगळं हुतं,” ती म्हणाली. “तुमी वाट पाहिली असं न्हाई. कुणालातरी वाट पाहताना तुमी बघितलं, असा प्रसंग. मला एक मिनिटबी लागलं न्हाई, सर. परीक्षेच्या बाई म्हनल्या, अजून वेळ हाय, विचार करा. मी म्हनलं, नको.”

“कुणाबद्दल बोललात?”

“एका माणसाबद्दल.” तिचा आवाज वर्गात असायचा तसाच सरळ होता, फक्त बोटे पिशवीच्या बंदाला पीळ देत होती. “म्हनलं, आमच्या इथं एका स्टेशनावर एक माणूस हाय. दर शनिवारी त्याची गाडी त्याच्या पुढं येऊन उभी राहती. तो तिला जाऊ देतो. आन् शेजारच्या बाईला सांगतो, ही माझ्या गावाला थांबत न्हाई.”

चहावाला त्यांच्यासमोरून गेला आणि विचारल्याविनाच पुढे गेला.

“आन् ती बाई की-मनची पोरगी,” धम्मशीला म्हणाली. “पूर्णेच्या क्वार्टरमधी वाढलेली. कोणती गाडी कुठं थांबती ते तिला पाढ्यांच्या आधी पाठ. तिला तो गाडीचं खोटं सांगतो.” ती किंचित हसली. “हे इंग्रजीत नीट बोलता आलं का न्हाई, काय माहीत. पण बाईंनी पेन खाली ठेवलं.”

“तुम्हाला पहिल्यापासून…”

“दुसऱ्या शनिवारपासून.”

फलाटाच्या टोकाला बायकांच्या घागरी भरत होत्या. ऊन रुळांवरून सरकत सरकत पलीकडच्या भिंतीवर गेले होते.

“मग बाईंनी इचारलं,” ती म्हणाली, “तो माणूस असं का करतो?”

“मग?”

“मी म्हनलं, ते मला सांगता येणार न्हाई. ते त्यालाच इचारावं लागंल.”

वरच्या कर्ण्यात खरखर झाली. बाईच्या आवाजात, आधी मराठीत, मग हिंदीत, सेलूकडे जाणारी गाडी पन्नास मिनिटे उशिराने येत असल्याचे सांगितले गेले. होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला गेला.

धम्मशीलाने कर्ण्याकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे.

“बघा,” ती म्हणाली. “आज खरंच लेट हाय.”

नागेशने खिशातून ती चौघडी काढली. घड्यांवरची अक्षरे पुसट झाली होती. त्याने ती उलगडली, पुन्हा मिटली, पुन्हा उलगडली. मग ती दोघांच्या मधे, पिशवीपुढे बाकावर ठेवली.

तिने मनगटावरचे घड्याळ सोडले आणि कार्डाशेजारी ठेवले. लाल काटा फिरत होता. तिची गाडी यायला अजून सव्वीस मिनिटे होती. रूळ अजून शांत होते.

“विचार करायला एक मिनिट,” ती म्हणाली.

मिनिट गेले. नागेशने तोंड उघडले आणि सवयीने इंग्रजीतला तोच पहिला शब्द ओठांवर आणला. मी. आणि पुढचे काही येईना. त्याने समोर पाहिले, जिथे फळा असता.

पिशवी त्यांच्या मधून उचलली जाऊन पायाशी ठेवली गेली, हे त्याला आवाजावरून कळले.

“आज शनिवार हाय, सर,” ती म्हणाली. “मराठीत बोला.”